धानकापणी आणि दिवाळीची दुकानदारी : मोठ्या दुकानांतील हंगामी नोकरीचा ऐतिहासिक मागोवा (विशेष संदर्भ : गोंदिया जिल्हा)

प्रस्तावना

किरकोळ व्यापाराचा इतिहास आपल्याकडे बहुधा पेढ्यांचा, व्यापारी घराण्यांचा आणि बाजारपेठांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. काउंटरच्या आतल्या बाजूस दिवसभर उभ्या असणाऱ्या माणसाला त्यात फारशी जागा मिळालेली नाही. आणि जो माणूस केवळ दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत तेथे उभा राहतो, त्याला तर मुळीच नाही. त्याचे नाव हजेरीपटावर महिना-दीड महिना असते. गर्दी ओसरली की ते नाव कमी होते आणि दस्तऐवजांतूनही तो माणूस नाहीसा होतो. प्रस्तुत लेखात या हंगामी विक्री-सहायकाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

गोंदिया जिल्हा विशेष संदर्भ म्हणून निवडण्यास कारण आहे. भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात हंगामी श्रम ही नवलाईची गोष्ट नाही. रोवणी, कापणी, मोहफूल, तेंदूपान अशा हंगामांनीच येथील श्रमिकांचे वर्ष बांधलेले आहे. अशा प्रदेशातील तरुण नागपूरसारख्या शहरातील मोठ्या दुकानात ‘सिझनपुरता’ कामाला जातो, तेव्हा तो आपला रिकामा वेळ भरून काढत असतो, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. हा समज इतिहासाच्या आणि पंचांगाच्याही कसोटीवर टिकत नाही, असे येथील प्रतिपादन आहे.

पाश्चात्त्य भांडारे आणि नाताळचा हंगाम

एकाच छताखाली अनेक विभाग, निश्चित किंमत आणि वस्तू परत करण्याची मुभा ही आधुनिक विभागीय भांडाराची ओळख एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये घडली. आरिस्तिद बुसिको हे १८५२ मध्ये ‘बाँ मार्शे’ या दुकानाचे भागीदार झाले आणि पुढील दोन दशकांत त्यांनी त्याचे भव्य भांडारात रूपांतर केले. अशा भांडारातील नोकरवर्गाचे जीवन एमिल झोला यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत रेखाटले. त्या कादंबरीतील उन्हाळ्याच्या मंदीचे प्रकरण या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. गिऱ्हाईक कमी झाले की किरकोळ कारणावरून नोकरांना हिशेब घेऊन जाण्यास सांगितले जाते आणि थंडीचा माल येताच नवी भरती होते. दुकान तेच, काउंटर तेच. माणसे मात्र मालाबरोबर बदलतात.

इंग्लंड व अमेरिकेत या प्रश्नाकडे समाजसुधारकांचे लक्ष लवकर गेले. दुकानातील मुलींना दिवसभर उभे राहावे लागते म्हणून इंग्लंडमध्ये १८९९ मध्ये विक्रेत्या स्त्रियांसाठी आसनांची व्यवस्था सक्तीची करणारा स्वतंत्र कायदा झाला. याच काळात मार्गारेट बाँडफील्ड या दुकानात नोकरी करणाऱ्या तरुणीने दुकान-नोकरांच्या स्थितीची पाहणी करून ती लोकांपुढे मांडली. पुढे १९२९ मध्ये त्या ब्रिटनच्या मंत्रिमंडळातील पहिल्या स्त्री मंत्री झाल्या. अमेरिकेत १८९९ मध्ये स्थापन झालेल्या ग्राहकांच्या राष्ट्रीय संघटनेने फ्लोरेन्स केली यांच्या नेतृत्वाखाली नाताळची खरेदी लवकर उरकण्याची मोहीम चालविली. ऐन नाताळच्या आठवड्यात रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्या मुलींचा भार हलका व्हावा, हा त्यामागील हेतू होता. गिऱ्हाइकाच्या सवयीतच नोकराचे कष्ट दडलेले आहेत, ही जाणीव आपल्याकडील ग्राहक चळवळीत क्वचितच आढळते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. नाताळचा हंगाम डिसेंबरात येतो. युरोप आणि उत्तर अमेरिकेत तेव्हा शेते बर्फाखाली असतात, पिके घरात आलेली असतात. भांडाराची गर्दी आणि शेतीची विश्रांती तेथे एकाच वेळी येते. हंगामी नोकरी म्हणजे रिकाम्या हातांना काम, ही कल्पना त्या हवामानातून आलेली आहे. ती जशीच्या तशी भारतात, त्यातही धानाच्या प्रदेशात लावणे योग्य ठरत नाही.

मुंबईतील भांडारे आणि गुमास्ते

भारतात मोठे दुकान प्रथम आले ते गोऱ्या साहेबांच्या गरजेसाठी. १८८२ मध्ये कलकत्त्यात सुरू झालेल्या व्हाइटवे लेडलॉ कंपनीने मुंबईच्या हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, आपले दुकान थाटले. ती इमारत पुढे खादी भांडाराची इमारत म्हणून मुंबईकरांना परिचित झाली, हा इतिहासाचा एक गमतीदार योगायोगच होय. वंगभंगाच्या चळवळीत विदेशी मालावर बहिष्कार पुकारला गेला, तेव्हा त्याला पर्याय म्हणून मुंबईत स्वदेशी सहकारी भांडार उभे राहिले. त्यास लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता. १८९७ मध्ये स्थापन झालेल्या अकबरअलीज या दुकानाने १९५६ मध्ये विभागीय भांडाराचे रूप घेतले. सहकाराच्या वाटेने गेलेल्या भांडारांची परंपरा वेगळी आहे. १९४८ मध्ये नायगावच्या गिरणगावात सुरू झालेला अपना बाजार हे तिचे ठळक उदाहरण. १९६६ मधील रुपयाच्या अवमूल्यनानंतर महागाईस आवर घालण्यासाठी सरकारने सहकारी भांडारांना प्रोत्साहन दिले आणि त्याच वर्षी दिल्लीत सुपर बाजार सुरू झाला.

लहान बाजारपेठांतील पेढीची रीत मात्र निराळी होती. तेथे मुनीम, दिवाणजी, गुमास्ता आणि वरकामाचा पोरगा अशी उतरंड असे. व्यापारी वर्ष दिवाळीच्या चोपडीपूजनापासून मोजले जाई आणि नोकराचा हिशेबही बहुधा त्याच दिवशी होई. शेतात सालगड्याचे वर्ष जसे पाडव्याला पालटे, तसे दुकानात नोकराचे वर्ष दिवाळीला पालटे. गर्दीच्या दिवसांत लागणारे जादा हात नात्यागोत्यातून, गावाकडून किंवा नोकराच्याच घरातून येत. त्यास मजुरी म्हणण्यापेक्षा कापडचोपड, मिठाई आणि हातावर ठेवलेले थोडे पैसे म्हणणे अधिक वस्तुस्थितीला धरून होईल. या व्यवस्थेचे कौतुक करण्याचे कारण नाही. तिच्यात ओळख होती, पण हक्क नव्हता.

दिवसांची मोजणी

दुकानातील नोकराला हक्क देणारा मुंबई इलाख्यातील पहिला कायदा १९३९ चा. त्याची जागा मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, १९४८ या कायद्याने घेतली. लोकव्यवहारात तो आजही ‘गुमास्ता कायदा’ याच नावाने ओळखला जातो. गोंदियाचा इतिहास येथे किंचित वेगळा आहे. १९५६ पर्यंत हा भाग मध्य प्रांताच्या आणि नंतर जुन्या मध्य प्रदेशाच्या कारभाराखाली असल्याने येथे मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४७ चा दुकानविषयक कायदा लागू होता. राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात आला आणि महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर मुंबईचा कायदा येथे लागू करण्यात आला.

१९४८ च्या कायद्यातील नोकराची व्याख्या उदार होती. थेट नेमलेला असो वा कोणाच्या मार्फत आलेला, उमेदवार असो वा पगारी, तो नोकरच मानला गेला. दिवसाला ९ तास व आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादाही सर्वांना सारखी होती. म्हणजे दिवाळीपुरता आलेला मुलगाही कायद्याच्या कक्षेत होता. परंतु तो कक्षेत असूनही त्याच्या हाती फारसे पडत नसे, कारण बहुतेक लाभ दिवसांच्या मोजणीवर बेतलेले होते. कलम ६६ अन्वये एक वर्ष काम केलेल्यास कामावरून कमी करताना ३० दिवसांची आणि तीन महिन्यांहून अधिक काम केलेल्यास १४ दिवसांची नोटीस आवश्यक होती. तीन महिन्यांच्या आतील नोकरास नोटिशीची तरतूदच नव्हती. पगारी रजेचा हिशेबही तीन महिने पूर्ण झाल्यावरच सुरू होत असे. घटस्थापनेच्या सुमारास लागलेला मुलगा भाऊबीज होईपर्यंत दीड महिनाही भरत नाही.

हीच मोजणी इतर कायद्यांतही दिसते. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये अखंड सेवेसाठी २४० दिवसांची अट होती आणि १९८४ च्या दुरुस्तीने मुदतीचा करार संपल्यावर होणारी सेवासमाप्ती ही कपात नव्हे, असे स्पष्ट करण्यात आले. कंत्राटी कामगार अधिनियम, १९७० मध्ये ज्या आस्थापनेत केवळ अधूनमधून चालणारे काम होते ती आस्थापना वगळली होती. हंगामी काम वर्षात ६० दिवसांहून अधिक चालत असेल तर मात्र ते अधूनमधूनचे मानले जाणार नव्हते. हे कलम वर्षभर उघड्या राहणाऱ्या दुकानास उद्देशून नाही, हे खरे. पण हंगाम म्हणजे किती दिवस, याविषयी कायद्याच्या मनात काय होते ते त्यावरून कळते.

बोनसची तरतूद सर्वांत बोलकी आहे. बोनस अधिनियम, १९६५ नुसार वीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत वर्षात किमान ३० दिवस काम केलेला नोकर बोनसला पात्र होता आणि किमान दर पुढे ८.३३ टक्के झाला. त्यामुळे मोठ्या भांडारात दिवाळीचा पूर्ण हंगाम उभा राहिलेला मुलगा कागदावर बोनसचा हक्कदार ठरतो. परंतु बोनस देण्याची मुदत हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांची. म्हणजे या दिवाळीत केलेल्या कामाचा बोनस पुढच्या दिवाळीपर्यंत लांबू शकतो. तोपर्यंत हा मुलगा कोठे असेल, त्याला कोण कळवील आणि तो त्यासाठी गोंदियाहून पुन्हा नागपूरला जाईल काय, या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास फार संशोधन लागत नाही.

महाराष्ट्राने १९७१ मध्ये अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा जो कायदा केला, त्याच्या चौथ्या अनुसूचीत कामगारांना वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक वा तात्पुरते ठेवून कायमपणाच्या लाभांपासून वंचित ठेवणे ही अनुचित प्रथा ठरविली आहे. गिरण्या आणि कारखान्यांतील कामगारांना या कलमाचा आधार मिळाला. दर दिवाळीस नव्याने नेमल्या जाणाऱ्या विक्री-सहायकास तो घेणे कठीण. कारण तो वर्षानुवर्षे ठेवलेला नसतो, वर्षानुवर्षे नव्याने बोलावलेला असतो.

विडी, धान आणि हंगामावरील हक्क

श्रमिकाचा हंगाम कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न या प्रदेशात पूर्वीही उद्भवला होता, आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने १९४८ मध्ये एक कायदा करून शेतीच्या हंगामात विडी वळण्यावर बंदी घालण्याचा अधिकार उपायुक्तांना दिला. शेतीस मजूर मिळत नाहीत, ते विडीकडे वळतात, अशी त्यामागील भूमिका होती. सागर जिल्ह्यात १९५० मध्ये काढलेला असा आदेश चिंतामणराव खटल्यात आव्हानित झाला. न्यायालयाने तो कायदा व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी निर्बंध म्हणून रद्द ठरविला. शेतात काम करण्यास असमर्थ असलेले वृद्ध, अपंग आणि स्त्रियाही या बंदीत सापडत होत्या, हा मुद्दा निर्णयात महत्त्वाचा ठरला. गोंदिया त्या वेळी त्याच राज्यात होते आणि विडी हा येथीलही मोठा उद्योग होता. मजुराला शेतीच्या हंगामाशी बांधून ठेवण्याचा राज्यसंस्थेचा प्रयत्न अशा रीतीने फसला.

विडी कामगारांचा पुढील इतिहास दुकान-नोकरांच्या तुलनेत उद्बोधक आहे. घरी बसून विडी वळणारी बाई कामगार आहे की नाही, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षे खल झाला. नागपूरच्या बिरधीचंद शर्मा प्रकरणात १९६० मध्ये कारखान्यात येऊन काम करणारे कामगार ठरले, तर पुढच्याच वर्षी शंकर बालाजी वाजे प्रकरणात निर्णय उलट गेला. या गोंधळातून १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा झाला आणि घरखात्याच्या कामगारांनाही संरक्षण मिळाले. तेंदूपानांचा व्यापार महाराष्ट्राने १९६९ च्या कायद्याने नियंत्रणाखाली आणला. संरक्षण अपुरे होते, ‘छाट’ काढून मजुरी कापण्याचे प्रकार थांबले नाहीत. तरीही या कामगारांच्या बाबतीत कायद्याने कामाच्या रूपाकडे पाहिले, केवळ दिवस मोजले नाहीत. दुकानातील हंगामी नोकराच्या बाबतीत तसे कधी झाले नाही. त्याची संख्या विखुरलेली, संघटना नाही आणि तो स्वतःही आपणास कामगार समजत नाही.

आता पंचांगाकडे वळू. गोंदिया जिल्ह्यात हलक्या धानाची कापणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते. भारी धान त्यानंतर निघते. बांधणी, चुरणे, आधारभूत खरेदी केंद्रावर धान नेणे ही कामे त्याला लागूनच येतात. म्हणजे दुकानांचा सर्वांत मोठा हंगाम आणि धानाचा सर्वांत मोठा हंगाम एकमेकांवर आदळतात. दुसरा दुकानी हंगाम लग्नसराईचा. तो एप्रिल-मे महिन्यांत, नेमका तेंदूपान तोडणीच्या दिवसांत येतो. नाताळचे भांडार रिकाम्या हातांना बोलावते. दिवाळीचे भांडार कापणीत गुंतलेल्या हातांना. त्यामुळे येथून दुकानाच्या हंगामी कामाला कोण जातो, याचे उत्तर ‘ज्याला काम नाही तो’ असे देता येत नाही. ज्याच्या घरी जमीन नाही, किंवा जमीन आहे पण ज्याने बारावी-पदवीपर्यंत शिकून विळा खाली ठेवला आहे, असा मुलगा वा मुलगी जाते. घरच्या कापणीत त्याची जागा मग रोजाने लावलेली बाई घेते. दुकानात मिळालेल्या पगारातून ही मजुरी, नागपुरातील खोलीचे भाडे आणि खाणावळ वजा केली, तर हातात काय उरते याचा हिशेब घरोघरी वेगळा येईल; पण तो मांडल्याशिवाय या नोकरीला पूरक उत्पन्न म्हणणे घाईचे होईल.

कंपनीचे पंचांग

१९९१ मध्ये मुंबईत अंधेरी येथे शॉपर्स स्टॉप सुरू झाले. २००१ मध्ये बिग बझार आणि २००२ मध्ये पवईत डी-मार्ट आले. या भांडारांनी गिऱ्हाइकाला माल हाताळण्याची मोकळीक दिली आणि विक्रेत्याचे काम बदलून टाकले. जुना गुमास्ता थान उलगडून दाखवी, भाव सांगे, गिऱ्हाइकाच्या घरची माणसे ओळखी. नव्या सहायकाचे काम घड्या घालणे, मांडणी पूर्ववत करणे, बारकोड तपासणे आणि उभे राहणे. या कामाला ओळख लागत नाही, म्हणून ते महिन्याभरासाठी कोणालाही देता येते. हंगामी भरती शक्य होण्याचे खरे कारण हे असावे. त्यातही काउंटरवर उभी असलेली सर्व माणसे दुकानाची नसतात. कोणी एखाद्या कंपनीच्या मालापुरता, कोणी मनुष्यबळ पुरविणाऱ्या ठेकेदाराकडून आलेला असतो. गणवेश एकच, पण मालक निरनिराळे.

दुसरा बदल हंगामाच्या स्वरूपातच झाला. २६ जानेवारी २००६ रोजी बिग बझारने ‘सबसे सस्ता दिन’ जाहीर केला, तेव्हा अनेक शहरांत गर्दी आवरेना आणि दुकानांची दारे बंद करावी लागली. प्रजासत्ताक दिनाचा खरेदीशी पूर्वी काही संबंध नव्हता. पंचांगात नसलेला आणि शेतीशी नाते नसलेला हा हंगाम कंपनीने निर्माण केला. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टच्या महाविक्रीने हेच सूत्र आंतरजालावर नेले आणि सणाची जादा भरती हळूहळू काउंटरवरून गोदामाकडे व दुचाकीकडे सरकली. ज्या समूहाने बिग बझार उभारले, त्याची किरकोळ विक्री कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कायम नोकरांची देणी मागण्यासाठी अशा वेळी निदान एक वाट असते. त्यापूर्वीच्या कित्येक दिवाळ्यांत येऊन गेलेल्यांची नोंद त्या वाटेवर कोठे सापडणार?

महाराष्ट्राचा नवा दुकाने व आस्थापना अधिनियम डिसेंबर २०१७ मध्ये लागू झाला. त्याने दुकाने वर्षाचे सर्व दिवस उघडी ठेवण्यास मुभा दिली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना बहुतेक तरतुदींतून वगळले. गोंदियाच्या बाजारपेठेतील पाच-सहा नोकरांचे कापडाचे दुकान त्यामुळे गुमास्ता कायद्याच्या बाहेर पडले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीस करण्यास आणि कामाचे दैनिक तास नऊवरून दहा करण्यास मान्यता दिली. त्याच वर्षी २१ नोव्हेंबर रोजी केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. बोनस, कंत्राटी काम आणि विडी कामगार यांविषयीचे जुने कायदे त्यांत विलीन झाले. बोनससाठी ३० दिवसांची अट नव्या वेतन संहितेतही कायम आहे. बसण्याच्या सोयीचा मुद्दा मात्र थोडा पुढे सरकला. कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्यासाठी १९४८ च्या कारखाने अधिनियमात आसनाची तरतूद होती, दुकानातील नोकरासाठी ती नव्हती. कापड दुकानांतील स्त्रियांच्या लढ्यानंतर केरळने २०१८ मध्ये ती प्रथम केली, तामिळनाडूने २०२१ मध्ये. नव्या संहितेतही उभ्याने काम करणाऱ्यांसाठी अशी सोय नमूद आहे. इंग्लंडच्या १८९९ च्या कायद्याशी ही वर्षे ताडून पाहावीत.

हंगाम आणि हिवाळी परीक्षा

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या विषयाचा आणखी एक पदर आहे. सत्र पद्धती आल्यापासून विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा दिवाळीच्या आगेमागे येतात. म्हणजे धानकापणी, दुकानाचा हंगाम आणि परीक्षा ही तिन्ही एकाच दीड महिन्यात गोळा होतात. हजेरीपटावर ऑक्टोबरात दिसणाऱ्या रिकाम्या चौकटींचा अर्थ बहुधा अनास्था असा लावला जातो. आमगाव किंवा सालेकसा तालुक्यातून गोंदियाला येणारा विद्यार्थी त्या दिवसांत सुमारे १३० किलोमीटरवरील नागपूरच्या भांडारात शर्टांच्या घड्या घालत असेल, ही शक्यता त्या चौकटीत मावत नाही. त्याच्याकडे नेमणुकीचे पत्र असेलच असे नाही; काम संपल्यावर अनुभवाचा दाखला मिळेल असेही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ पासून बी. व्होक. अभ्यासक्रम सुरू केले आणि त्यांत किरकोळ विक्री व्यवस्थापनाला स्थान मिळाले. तेथे हेच काम ‘प्रशिक्षण’ म्हणून श्रेयांकांस पात्र ठरते. बी. ए. द्वितीय वर्षाचा विद्यार्थी तेच काम त्याच काउंटरवर करतो, तेव्हा त्याच्या नावापुढे केवळ गैरहजेरी लागते.

झाडीपट्टीत भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते. नागपूरला गेलेली मुले बहुधा तोपर्यंत परततात; दुकानाचा हिशेब झालेला असतो आणि भारी धान अजून शेतात उभे असते.